चौथा नंबर हातात होता

हौशी मोटरसायकल शर्यतपटूचा हंगाम वाईट संपला, तर त्याची बातमी होत नाही. बक्षीस समारंभाचा फोटो तिघांचाच निघतो. बाकीचे तोवर सामान बांधून स्टेशनाच्या वाटेला लागलेले असतात. या संवादातले दोघे पिंपरी-चिंचवडच्या एकाच घरातले. पुतणी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि रजा साठवून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर स्त्रियांच्या वन-मेक गटात शर्यती करते. वन-मेक म्हणजे सगळ्यांना एकाच मॉडेलची, एकसारखी तयार केलेली गाडी. कोणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. काकांची उभी नोकरी कॉस्टिंगमध्ये गेली. निवृत्त झाले तरी वही सुटलेली नाही. शेवटच्या राउंडमध्ये दोन लॅप उरलेले असताना चौथ्या नंबरवर असलेली पुतणी पडली. गुण शून्य. वर्षाच्या तक्त्यात तिसरी यायची, ती पाचवी आली.

काका: मनगटाची सूज उतरली का?

पुतणी: उतरली. आता विचारायचंय ते विचारा.

काका: विचारतो. चौथा नंबर हातात होता. मागची मुलगी बरीच मागे होती. पुढचीला गाठून तिसरी आली असतीस, तर तक्त्यात काय फरक पडणार होता?

पुतणी: काही नाही. तक्त्यात तिसरीच राहिले असते.

काका: म्हणजे जे मिळूनही जमेत काही पडणार नव्हतं, त्यासाठी जमेत होतं तेही घालवलंस. आमच्या खात्यात असा खर्च कुणी मंजूर केला नसता.

पुतणी: तक्ता सोमवारी छापून येतो, काका. रविवारी समोर फक्त पुढच्या गाडीचं मागचं टायर दिसतं. आणि वर्षभर मी चौथी येत होते. इतरजणी कधी जिंकत होत्या, कधी पडत होत्या; मी आपली चौथी. तक्त्यात त्यामुळे वर होते, पण बक्षिसाच्या मंचावर एकदाही चढले नव्हते. ही शेवटची संधी होती.

काका: म्हणजे मंचासाठी पडलीस.

पुतणी: मंचासाठी गेले. पडले ब्रेकमुळे.

काका: ते जरा नीट सांग. गाडी तुझी नि तिची सारखीच होती ना?

पुतणी: सारखीच. डावं वळण होतं. तिच्या आत शिरायचं, तर ब्रेक तिच्यापेक्षा उशिरा लावायला हवा. मी लावला. पण उशिरा लावलेला ब्रेक उशिरापर्यंत धरूनही ठेवावा लागतो. गाडी वळणासाठी झुकवली, तेव्हा पुढच्या ब्रेकवर माझी दोन बोटं अजून तशीच होती. टायरची पकड ठरावीक असते. तीच वेग कमी करायला लागते आणि तीच गाडी वळवायला लागते. सरळ असताना सगळी पकड ब्रेकला देता येते. जसजशी गाडी झुकते, तसतसा ब्रेक सोडत जावा लागतो. माझा सुटला नाही. पुढचं चाक घसरलं आणि मी गाडीच्या मागोमाग मातीत.

काका: म्हणजे पगार एक आणि हप्ते दोन. एक वाढला की दुसरा थकणार.

पुतणी: आणि त्या दिवशी पगारही कापून आला होता. सकाळी सर येऊन गेली होती. आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबरात परततो, तेव्हा चेन्नईचा सुरू होतो. ट्रॅक बराचसा वाळला होता, पण सगळा नाही. त्यात हा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धावतो. उजवी वळणं जास्त, डावी कमी. त्यामुळे टायरची उजवी बाजू तापते, डावी तेवढी तापत नाही. डाव्या वळणावर जास्त मागायचं नसतं.

काका: हे सगळं तुला पडायच्या आधी माहीत होतं?

पुतणी: होतं.

काका: मग मी वेगळं काय म्हणतोय? तूच मला त्या स्पेनच्या मुलीची गोष्ट सांगितली होतीस. आना कारास्को. 2018 साली वर्ल्ड सुपरस्पोर्ट 300 ची विजेती. मुलगे-मुली एकत्र असलेल्या सर्किट शर्यतींत एकट्याने चालवायच्या मोटरसायकलचं जागतिक अजिंक्यपद जिंकणारी पहिली स्त्री. शेवटच्या शर्यतीत ती कितवी आली?

पुतणी: तेरावी.

काका: तेरावी! तेराव्याला 3 गुण. आणि अजिंक्यपद मिळालं किती गुणांनी? एका. तिने तेरावा नंबर सांभाळून घरी नेला. तुला चौथा नेता आला नाही.

पुतणी: तुम्ही अर्धीच गोष्ट ठेवलीत. मान्यी-कूरच्या त्या शर्यतीत ती सुरुवातीला कितव्या जागेवर उभी होती?

काका: ते नाही माझ्या लक्षात.

पुतणी: पंचविसावी. सुरुवातीची जागा ठरवणारं क्वालिफाइंग फसलं होतं तिचं. पंचविसाव्या जागेवरून तेरावी येणारी बाई काही सांभाळत नव्हती. ती बारा जागा पुढे आली. चौदाव्या नंबरवर समाधान मानलं असतं, तर दोनच गुण मिळाले असते आणि बरोबरी झाली असती. तुम्ही जिला सावध म्हणताय, ती जोखीम घेऊनच तेरावी आली.

काका: ठीक. पण पडली नाही.

पुतणी: पडली नाही, हे खरं.

काका: मग दुसरी साक्ष मी काढतो. व्हॅलेंटिनो रॉसी. 2006 चं मॉटोजीपी, व्हॅलेन्सिया, मोसमातली शेवटची शर्यत. 8 गुणांनी पुढे होता. सगळ्यांच्या पुढून सुटायची जागा मिळालेली. सुरुवात बिघडली, मागे पडला, ते अंतर भरून काढायच्या घाईत पाचव्या लॅपला पडला. उठून गाडी चालवली, तोही तेरावाच आला. निकी हेडन शांतपणे तिसरा आला आणि 252 विरुद्ध 247 असा अजिंक्य ठरला. तेरावा नंबर दोघांचा. एकीला मुकुट मिळाला, एकाचा गेला. फरक पडण्याचा.

पुतणी: सगळे असंच म्हणतात, रॉसीने व्हॅलेन्सियाला अजिंक्यपद घालवलं. त्याच्या आधीची शर्यत बघा. पोर्तुगालची, एश्तोरिलची. तिथे हेडनला त्याच्याच संघातल्या पेद्रोसाने धडकून बाहेर काढलं. रॉसीला मोकळं रान होतं. आणि तो दुसरा आला. टोनी एलियास जिंकला, 0.002 सेकंदांनी. पहिल्याला 25 गुण, दुसऱ्याला 20. ते 5 गुण रॉसीला मिळाले असते, तर व्हॅलेन्सियाला पडूनसुद्धा दोघांचे 252 झाले असते. बरोबरीत ज्याचे विजय जास्त तो अजिंक्य, आणि विजय रॉसीचे जास्त होते. शिवाय त्याच वर्षी ल मॉन्सला तो पुढे असताना गाडी बंद पडली होती. मग अजिंक्यपद कुठे गेलं? व्हॅलेन्सियाला की एश्तोरिलला की ल मॉन्सला?

काका: सगळीकडे थोडं थोडं.

पुतणी: मग माझ्याच बाबतीत ते डाव्या वळणावर सगळंच्या सगळं कसं गेलं?

काका: कारण तू स्वतःच तसं वागते आहेस. परतल्यापासून सूट बॅगेतून काढलेला नाहीस. कोपराला चामडं घासून पांढरं झालंय, आत माती तशीच आहे. लाल माती आपोआप जात नाही, पुसावी लागते. मी हिशेबाचं बोलतोय, तू सुतकात बसली आहेस.

पुतणी: ते शेवटच्या शर्यतीचं असतं, काका. हंगामाच्या मध्यावर पडलं, तर पुढचा राउंड येतो. रजेचा अर्ज, तिकीट, सूट शिवून घेणं यात दिवस जातात आणि ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, उभं राहिलं की मागचं पुसलं जातं. शेवटच्या राउंडला पडलं की पुढे काहीच नसतं. कित्येक महिने शेवटची आठवण तीच. व्यावसायिक रायडरला हिवाळ्यात चाचण्या असतात, संघ असतो, पुढचं कंत्राट असतं. मला सोमवारची पहिली शिफ्ट असते. लोक विचारतात, ‘काय, जिंकलीस का?’

काका: इथेच माझा मूळ मुद्दा येतो. तुला कंत्राट नाही, पगार नाही. सूट तुझा, हेल्मेट तुझं, रेल्वेचं भाडं तुझं, बिनपगारी रजा तुझी. हौस आहे ना? हौसेने आनंद द्यावा. रविवार गेल्यावर पंधरा दिवस जेवण गोड लागत नाही, ती हौस कसली?

पुतणी: भजनी मंडळात गाणाऱ्याचा सूर लागला नाही, तर त्याला वाईट वाटत नाही?

काका: वाटतं. पण त्याचं खांद्याचं हाड मोडत नाही. आणि हाडावर तरी थांबलं तर नशीब. 2023 च्या ऑगस्टमध्ये याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत 13 वर्षांचं पोर गेलं. पहिल्या वळणापाशी पडलं. त्या दिवशी पेपर वाचून तुझ्या आईने तुझं हेल्मेट माळ्यावर टाकलं होतं, आठवतं?

पुतणी: आठवतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी तयार करणारही नाही. एकच सांगते. रस्त्यावर मी गाडी हळू चालवते. जोखीम कुठे घ्यायची नाही, ते मला ट्रॅकने शिकवलं. ट्रॅकवर मार्शल आहेत, अ‍ॅम्ब्युलन्स आहे, समोरून ट्रक येत नाही. तरी धोका आहेच. तो शून्य होत नाही, कमी होतो. आणि कमी होतो तो सरावाने.

काका: आता सरावाचं तूच काढलंस, म्हणून ही वही उघडतो. तू दर राउंडनंतर ते टाइमशीटचे कागद टेबलावर टाकून देतेस. मी ते सगळे लावून ठेवलेत.

पुतणी: ते कशाला?

काका: आकडे पडून राहिलेले मला बघवत नाहीत. गाडीला तो ट्रान्सपाँडर लावतात, त्यामुळे प्रत्येक लॅपचा वेळ यात आहे, तुझाही आणि बाकीच्यांचाही. मला गाडीतलं कळत नाही, पण रकाने वाचता येतात. हे बघ. शुक्रवारचं पहिलं सत्र. पहिल्या राउंडला तू शेवटून दुसरी. दुसऱ्या राउंडला? शेवटून तिसरी. शेवटच्या राउंडला? पुन्हा शेवटून दुसरी. आता रविवारच्या शर्यतीचा शेवटचा लॅप बघ. पहिल्या तिघींच्या वेळेला तुझा वेळ चिकटलेला आहे. पडलीस तो राउंड सोडला, तर प्रत्येक राउंडला.

पुतणी: शर्यतीत मी चांगली जाते.

काका: ते एक वाचन. माझं वाचन वेगळं. पहिल्या तिघी शुक्रवारी जिथून सुरू करतात, तिथे तू रविवारी पोचतेस. तुझे दोन दिवस ट्रॅक आठवण्यात जातात.

पुतणी: त्यांतल्या दोघी चेन्नईच्याच आहेत. एक कोईम्बतूरची, तिच्या घरापासून करी स्पीडवे जवळ आहे. हंगामात मधल्या शनिवार-रविवारी सराव करता येतो त्यांना. मी दोन राउंडांच्या मध्ये तो ट्रॅक बघतही नाही. इथे कोल्हापूरला कार्टिंगच्या ट्रॅकवर गेले तर शरीराला सवय राहते, वळणात नजर कुठे ठेवायची ते पक्कं होतं. पण 3.7 किलोमीटरच्या, बारा वळणांच्या ट्रॅकवर ब्रेक कुठे लावायचा, ते तिथेच जाऊन कळतं.

काका: आणि शनिवारी क्वालिफाइंग.

पुतणी: हो. शनिवारी मी अजून अर्ध्यावरच असते. म्हणून ग्रिडवर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत जागा मिळते. शर्यत असते सहा लॅपची. सहा लॅप म्हणजे जेमतेम 22 किलोमीटर. मॉटोजीपीसारखी वीस-पंचवीस लॅपची असती, तर शांतपणे एकेकीला गाठलं असतं. सहा लॅपमध्ये पहिले तीन गर्दीतून बाहेर पडण्यातच जातात. पुढची दिसायला लागते तेव्हा दोन लॅप उरलेले असतात.

काका: आणि दोन लॅप उरलेले असताना डाव्या वळणावर, टायरची थंड बाजू असताना, उशिरा ब्रेक लावावा लागतो.

पुतणी: ...हो.

काका: मग ही चूक रविवारची नाहीच. ती दर शुक्रवारी होत आली. रविवारी फक्त वसुली झाली. तू मघाशी रॉसीबद्दल सांगत होतीस, ते बरोबर होतं. मी शेवटच्या पानावरची बेरीज बघत होतो.

पुतणी: एवढं मान्य केलंत, तर मीही एक सांगते. गाड्या सारख्या असतात म्हणून फरक माणसाचाच, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते. त्यामुळे चौथी आले की वाटायचं, मीच चौथ्या दर्जाची. गाडी सारखी असते, पण दिवस सारखे नसतात. पुण्याहून 1,200 किलोमीटरवर जाऊन शर्यत करणारी आणि घरून डबा घेऊन ट्रॅकवर येणारी, यांच्यात गाडी समान आहे एवढंच. सोलापूर, वाडी, गुंटकल, रेणिगुंटा करत गाडीतून उतरते, तेव्हा त्यांचं एक सत्र झालेलं असतं माझ्या हिशेबी.

काका: तक्रार झाली. उपाय?

पुतणी: उपाय पैशाचा आहे. राउंडच्या आधी एक जादा सरावाचा दिवस. म्हणजे एक जादा मुक्काम, एक जादा बिनपगारी रजा, ट्रॅकचं भाडं, भाड्याची गाडी.

काका: पैसे वाढणार नाहीत, ते मला माहीत आहे, तुझी वहीही मीच लिहितो. मग दुसरीकडून काप. एक राउंड गाळ. चारऐवजी तीन कर आणि चौथ्याचे पैसे सरावात घाल.

पुतणी: एक राउंड गाळला की वर्षाच्या तक्त्यातून मी गेले. तीन शर्यतींच्या गुणांवर कुणी वर राहत नाही. आणि तक्त्यात नाव नसलं की कुठलाही संघ, कुठलीही कंपनी निवडीला बोलावत नाही. तुम्हाला वाटतं तक्ता म्हणजे शोभा. मला तो एकच दाखला आहे.

काका: दाखल्यासाठी अपुऱ्या तयारीने ग्रिडवर उभं राहायचं? मघाशी तूच म्हणालीस, धोका सरावाने कमी होतो. मग ज्या राउंडला सराव नाही, त्या राउंडला धोका जास्त आहे, हे तुझंच गणित आहे. चौथा नंबर गेला त्याचं मी सोडून देईन. हे सोडणार नाही.

पुतणी: हे तुम्ही मला माझ्याच शब्दांत पकडलंत.

काका: पकडायलाच वही ठेवतो.

पुतणी: पण मी अख्खा हंगाम सोडणार नाही. तीन राउंडही एकदम मान्य करणार नाही. पहिल्या राउंडच्या आधी सरावाचा दिवस घेऊन बघते. शुक्रवारच्या पहिल्या सत्रात मी मधल्या फळीत आले, तर तुमचं वाचन बरोबर. मग पुढचं ठरवू. नाही आले, तर चूक माझ्या हातात आहे, शुक्रवारात नाही.

काका: आणि रविवारी चौथी असलीस तर?

पुतणी: तर पुढच्या गाडीचं मागचं टायर बघून ठरवीन.

काका: म्हणजे काही शिकली नाहीस.

पुतणी: शिकले. आता डाव्या वळणावर ठरवणार नाही.

इथे दोघांचं बोलणं थांबलं. मतभेद मिटला नाही. काकांच्या मते हौशी माणसाने तक्त्याचा लोभ सोडावा आणि जेवढ्या शर्यतींची तयारी परवडते तेवढ्याच कराव्यात. पुतणीच्या मते तक्ता सोडला की शर्यत उरत नाही, नुसतं वेगाने फिरणं उरतं. माझं मत विचाराल, तर सुरक्षिततेपुरते काका बरोबर आहेत आणि त्या एका बाबतीत त्यांचं ऐकायलाच हवं: सराव नसेल, तर प्रवेश फी भरू नये. पण शेवटच्या राउंडला पुढचीच्या आत शिरायचा प्रयत्न केला, म्हणून त्या मुलीला दोष देणं मला पटत नाही. वर्षभर चौथी येणारीने कधीतरी तो प्रयत्न करायलाच हवा होता. तिने तो चुकीच्या वळणावर केला, कारण बरोबर वळणापर्यंत पोचायला तिला शर्यत पुरली नाही.

ज्यांचा हंगाम या वर्षी असाच संपला, त्यांनी पडल्याचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघणं थांबवावं. वर्षभराच्या टाइमशीट काढा आणि प्रत्येक राउंडचा शुक्रवार आधी वाचा.